फळा पुसायच्या आधी

शाळामास्तराला 'हो' या शब्दाचा राग येतो, असं कधी ऐकलंय का तुम्ही? मी तरी ऐकलं नव्हतं. मी सोनईची. आमच्याकडे मास्तर विचारायचे, "समजलं का रे?" आणि सगळा वर्ग पत्रे उडतील असा ओरडायचा, "होऽऽऽ!" मास्तर खूश, पोरं खूश, पुढचा धडा सुरू. मी अशीच शिकले आणि असंच शिकवायचं म्हणून आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात पहिल्या नेमणुकीवर हजर झाले. तिथं हे गुरुजी माझे मुख्याध्यापक!

शाळा दोन खोल्यांची, मास्तर आम्ही दोघंच. पहिल्याच दिवशी मी हातच्याची वजाबाकी शिकवली आणि सवयीनं विचारलं, "समजलं का?" वर्ग गप्प. मग पुढच्या ओळीतली एक मुलगी उठली, "मला समजलं." तिच्या शेजारची उठली, "मला निम्मं समजलं." तिच्यामागचा उठला आणि अगदी खणखणीत आवाजात म्हणाला, "मला न्हाई समजलं, बाई." असं करत करत सगळा वर्ग उठला आणि बसला. मी चाटच पडले! तेवढ्यात शेजारच्या खोलीतून गुरुजींनी दारातून डोकं आत घातलं.

"बाई, आमच्याकडं कोरसमध्ये उत्तर देत नाहीत. सगळे मिळून हो म्हणतात ना, तेव्हा कोण काय म्हणालं ते कुणालाच ठाऊक नसतं. एकेकाला विचारायचं." एवढं बोलून डोकं बाहेर.

माणूस ठेंगणा. पांढरा सदरा, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, आणि खिशात कायम खडू, त्यामुळे खिसा बाहेरूनही पांढराफटक. महादेव कोळ्यांच्या वरच्या वाडीतले. वाडी पठारावर, शाळा खाली गावात. रोज सकाळी डोंगर उतरून यायचे आणि संध्याकाळी चढून जायचे. कुणी म्हटलं, गुरुजी, खाली खोली घ्या की, तर म्हणायचे, "घेतली असती, पण वरनं उतरताना दिवसभराचं काय शिकवायचं ते सुचतं. ते खोलीत कुठनं सुचायचं?"

विचारणं हा त्यांचा छंद होता. छंद कसला, व्यसनच! डबा उघडायच्या आधी, "बाई, सुक्या बोंबलाचा वास येईल, चालेल ना?" एकदा आम्ही राजूरला निघालो होतो, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये. जीप म्हणजे माणसं कोंबलेली, मांडीवर माणसं, टपावर माणसं. गुरुजींना उकडायला लागलं. सरळ काच खाली करावी ना? तर नाही. त्यांनी जीपमधल्या एकेकाला विचारायला सुरुवात केली. "काच खाली केली तर चालेल का? तुम्हाला? तुम्हाला? मावशी, तुम्हाला?" मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "मला सर्दी हाय." झालं! काच बंदच. उकडून आम्ही सगळे घामाघूम, आणि गुरुजी रुमालानं कपाळ टिपत मला म्हणतात, "बघा, विचारलं नसतं तर म्हाताऱ्याची सर्दी आपल्याला कळली असती का?" जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, पुढच्या टायमाला तुमी चालतच जा." सगळी जीप हसायला लागली, त्यात गुरुजींचं हसणं सगळ्यात मोठं.

पण खरी मजा फळ्याची. गुरुजी फळा पुसायच्या आधी वर्गाला विचारायचे. "फळा पुसू का?" कुणाचं उतरवून व्हायचं राहिलं असेल तर त्यानं म्हणायचं, "थांबा!" मग गुरुजी तेवढ्या मजकुराभोवती खडूनं गोल काढायचे आणि बाकीचा फळा पुसून पुढचं लिहायचे. ज्यानं थांबा म्हटलं त्यानंच येऊन तो गोल पुसायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी गुरुजींनीसुद्धा. कधी कधी फळ्यावर इतके गोल व्हायचे की गुरुजी बिचारे दारावर लिहायचे, दारावरची जागा संपली की फरशीवर ओणवं होऊन लिहायचे. तपासणीला आलेले साहेब एकदा त्यांना तसं फरशीवर रांगताना बघून दारातच थबकले होते.

माझ्या आधीची एक गोष्ट गावात अजून सांगतात. चांगुणा नावाची मुलगी होती. गुरुजींनी फळ्यावर मोर काढला होता आणि चांगुणाला तो इतका आवडला की ती रोज म्हणायची, "थांबा!" उतरवायचं बिरवायचं काही नव्हतं हो, नुसतं बघायचं होतं! पंचमी गेली, पोळा गेला, मोर फळ्यावरच. बाकीची पोरं वैतागली. शेवटी चांगुणाची आई शाळेत आली, "गुरुजी, त्यो मोर पुसा आता, ही पोरगी घरी काम करीना, म्हनते मोर वाट बघतोय." गुरुजी म्हणाले, "माझ्या हातात नाही, तिच्या हातात आहे." मग एका सकाळी चांगुणा स्वतः उठली, मोराकडे एकदा बघितलं आणि डस्टर फिरवलं. तीच चांगुणा पुढे गावातच दिली आणि मी तिथं होते तेव्हा तिची धाकटी माझ्या वर्गात होती.

आम्ही ख्रिस्ती. दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपली की आमेन म्हणायची लहानपणापासूनची सवय. एकदा मधल्या सुट्टीत गुरुजींनी विचारलं, "बाई, ते आमेन म्हणजे काय हो?" मी सांगितलं, तसंच होवो. गुरुजींनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही सही करता. मग आधी काय मागितलंय ते नीट ऐकून म्हणता, का सवयीनं?" आता काय सांगू! त्या रविवारी सोनईला घरी गेले होते, तिथं पाळकसाहेबांची प्रार्थना मी पहिल्यांदा कान देऊन ऐकली, आणि आमेन म्हणायला सगळ्यांच्या मागे राहिले. आई म्हणाली, लक्ष कुठंय तुझं? लक्षच तर होतं!

तर असा हा माणूस. गावाच्या पिढ्यांना 'थांबा' म्हणायला शिकवलेला. आणि आता गंमत ऐका. त्यांना स्वतःला कुणालाही, कशालाही, नाही म्हणता यायचं नाही! अजिबात नाही! जनगणना आली, गुरुजी. इलेक्शन ड्यूटी, गुरुजी. पोलिओचा डोस, गुरुजी. एकाच दिवशी चार लग्नांची आमंत्रणं आली तर चारही ठिकाणी जेवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी ओवा चावत वर्गात बसायचे. चहाचं तर विचारूच नका. शाळेपासून वाडीपर्यंत वाटेवर जेवढी घरं तेवढे चहा. त्यांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, त्या कपाळावर हात मारायच्या. "साऱ्या गावाला शिकिवता, आन सोता? एकदा तरी न्हाई म्हना की! मला म्हनून दाखवा!" गुरुजी ओशाळे हसायचे. "अगं, समोरच्याचं तोंड बघितलं की नाही निघतच नाही. आमच्या वाडीत आलेल्याला कुणी कधी नाही म्हटलंय का?"

हे मात्र खरं होतं. त्या डोंगरातली माणसं आलेल्याला नाही म्हणत नाहीत. घरात तांदूळ नसला तर शेजारून आणतील, पण पाहुण्याच्या तोंडावर नकार द्यायचा नाही. आणि नेमकं तिथंच गाडं अडलं.

झालं असं, की आमच्या पठारावर एक मोठा प्रकल्प यायचा ठरला. वर पठारावर एक तलाव, खाली दरीत एक तलाव, वरचं पाणी खाली सोडून वीज करायची आणि पुन्हा वर चढवायचं. आता पठार म्हणजे काय? साहेबांच्या नकाशात मोकळी जागा. आमच्या गावाला विचाराल तर गुरुजींची वाडी, ठाकरांची वस्ती, वरईची शेतं, डांगी गाईंचं रान, आणि हिरड्याची झाडं, ज्यांच्यावर घराघराचा बाजार चालतो. तलाव झाला की हे सगळं पाण्याखाली. आमचा भाग पेसा कायद्यातला, म्हणजे आदिवासी गावाच्या जमिनीवर असं काही करायचं तर आधी ग्रामसभेला विचारावं लागतं. विचारायला प्रकल्पाचे साहेब आले.

माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. हसरा होता, पोरांना बिस्किटं आणायचा. गावानं त्याला काय केलं असेल? कोंबडी कापली! नाचणीच्या भाकरी, इंद्रायणीचा भात. दुपारी जेवता जेवता साहेब म्हणाला, रस्ता होईल, दवाखाना होईल, पोरांना नोकऱ्या लागतील, काय म्हणता? आणि सगळी पंगत एका सुरात म्हणाली, "चांगलं हाय, साहेब!" साहेब खूश होऊन गेला. जाताना म्हणाला, पुढच्या ग्रामसभेत फक्त ठराव करून टाकू.

त्या रात्री म्हणे गुरुजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते तोंड पाडून. "बाई, कोरसमध्ये हो म्हणाले हो! माझी पोरं! ज्यांना मी एकेकानं बोलायला शिकवलं ती पोरं!"

"तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं.

"मी? मला तर पंगतीत वाढणाऱ्यानं दुसऱ्यांदा रस्सा वाढू का म्हणून विचारलं तेही नाकारता आलं नाही!"

आणि त्यात तालुक्याहून त्यांना निरोप आला होता. गुरुजी, तुम्ही सरकारी नोकर, निवृत्ती तोंडावर आलीय, सभेत उगाच काही बोलू नका, डोक्याला ताप होईल. गोड शब्दात होता, पण काय म्हणायचंय ते कळण्यासारखं होतं. गुरुजी म्हणाले, "मी या गावचा मतदार आहे, बोलायचा हक्क आहे. पण हक्क असून काय उपयोग? माझी जीभच उचलत नाही." मला इतका राग आला! कुणाचा, ते मलाही सांगता येईना. त्यांचं घर जाणार, आणि हा माणूस साधं नाही म्हणायला घाबरतोय! मी तिथल्या तिथे सुनावलं, "गुरुजी, तुमच्या घराभोवती गोल कोण काढणार? मी?" त्यांनी खडू खिशात टाकला आणि वर्गावर गेले.

सभा शाळेतच भरली. सकाळची शाळा सुटली आणि गाव आत शिरलं. दोन खोल्यांमधलं लाकडी पार्टिशन बाजूला केलं तरी माणसं मावेनात, बायका खिडक्यांना लटकलेल्या, म्हातारे ओट्यावर. पुढे सरपंच, ग्रामसेवक, तालुक्याचे साहेब आणि आपले हसरे साहेब. गुरुजी अगदी मागे, भिंतीला पाठ लावून. मला वाटत होतं, आता साहेब म्हणणार 'काय मंडळी, मंजूर?' आणि ती सगळी मंडळी म्हणणार 'मंजूर!' आणि संपलं.

हसऱ्या साहेबांना नकाशा काढून समजवायचं होतं. त्यांनी खडू घेतला. फळ्यावर सकाळचा मजकूर होता, आणि एका कोपऱ्यात गोल. चांगुणाच्या धाकटीचा! सातचा पाढा तिचा उतरवून झाला नव्हता. साहेबांनी डस्टर उचललं आणि सर्रकन सगळा फळा पुसून टाकला. गोलासकट.

देवा रे! सगळ्या खोलीनं एकदम श्वास आत घेतला, मी माझ्या कानांनी ऐकला. खिडकीतली म्हातारी म्हणाली, "आगं बया!" साहेब गोंधळून मागे वळले. आणि बायकांच्या घोळक्यातून चांगुणा उठली. रागानं लाल!

"अवं साहेब, इचारा की आधी! पोरीचं उतरवून झालं न्हवतं!"

"काय झालं?" साहेब म्हणाले. "नुसता पाढा तर होता."

"तुमच्यासाठी पाढा. तिचा गोल हुता त्यो!" चांगुणा सरळ पुढे गेली. साहेबांच्या हातून खडू घेतला. बिचाऱ्यानं दिलाही. "काढा तुमचा नकाशा," ती म्हणाली. साहेबांनी दुसरा खडू घेऊन नकाशा काढला. डोंगर, दरी, वरचा तलाव, खालचा तलाव. काढून होताच चांगुणानं वरच्या तलावाभोवती, अख्ख्या पठाराभोवती, हात लांब करून मोठ्ठा गोल काढला.

"थांबा," ती म्हणाली. "आमचं अजून उतरवून व्हायचं हाय."

काय सांगू तुम्हाला! खोलीत नुसता गलका. तालुक्याचे साहेब टेबल बडवून म्हणाले, "शांतता! ज्यांना ठराव मंजूर त्यांनी हात वर करा." पण आता आमचे सरपंच उठले. हा माणूसही गुरुजींच्याच हाताखालून गेलेला. ते म्हणाले, "न्हाई साहेब, हात बित न्हाई. एकेकानं उठून सांगायचं. आमच्या शाळंत तशीच रीत हाय."

आणि मग सुरू झालं! एकेक माणूस उठायला लागला. "मला न्हाई पटलं." "मला निम्मं पटलं. रस्ता पायजे, तलाव नको." एक पोरगा उठला, शिकलेला, म्हणाला, "मला पायजे प्रकल्प. मला नोकरी पायजे." काही लोक त्याच्या अंगावर ओरडले तर मागून गुरुजींचा आवाज आला, "त्याला बोलू द्या! त्यानं स्वतःचं सांगितलंय!" तोपर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते. ठाकरवस्तीची म्हातारी उठली आणि म्हणाली, "मला अजून कळलंच न्हाई. भाताची आवनी उरकली की माझ्या वाडीवर ये, तितं बस, मंग सांगते." हसरे साहेब सगळ्यांचं ऐकत उभे होते. घाम पुसत होते, पण ऐकत होते. ऊन कलायला लागलं. कुणी घरी गेलं नाही.

शेवटी भिंतीजवळचे राहिले. सरपंच म्हणाले, "गुरुजी, तुमचं?"

तालुक्याच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. गुरुजी उभे राहिले. सदऱ्याचा खिसा चाचपला. तोंड उघडलं. मिटलं. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, ते पाणी प्यायले, तेही नाकारलं नाही! मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, अगदी ऐकून, एकेक शब्द लक्ष देऊन. त्यांनी हसऱ्या साहेबांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला वाटलं, गेलं! आता काही निघत नाही. खिडकीतून काकूंचा आवाज आला, "म्हना की वो!"

"न्हाई," गुरुजी म्हणाले.

इतकं हळू, की पुढच्यांना ऐकूच गेलं नाही. सरपंच म्हणाले, "काय म्हनला, गुरुजी?"

"न्हाई!" असे ओरडले, असे ओरडले की पाखरं उडाली छपरावरची! "माझं घर, माझं रान, मला न्हाई द्यायचं! न्हाई साहेब!" आणि लगेच, त्याच दमात, हात जोडून, "पण चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं, साहेब."

अख्खी खोली हसत होती आणि रडत होती. हसरे साहेबही हसले. काकू खिडकीतून आत यायची वाट शोधत होत्या. गुरुजी माझ्याकडे आले, डोळ्यांत पाणी, आणि म्हणतात काय, "बाई, जमलं की हो! जमलं मला!" मी एवढी मोठी बाई, शाळेच्या फरशीवर बसून पोरीसारखी रडले.

त्या दिवशी ठराव झाला नाही. तालुक्याच्या साहेबांनी कागद मिटले. गुरुजींना कुणी ताप दिला नाही, नियमाप्रमाणे निवृत्त झाले, सत्काराला सगळं गाव जमलं. प्रकल्पाचे लोक अजूनही येतात म्हणे, पण आता वाडीवाडीला बसतात, विचारतात, ऐकून जातात. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. पठार आज आहे तिथं आहे. हिरडा येतो, वरई पिकते.

माझी बदली राहुरीला झाली. परवा आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा हवा होता, माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला. मी उत्साहानं फोन लावला. "गुरुजी, याल ना? गाडी पाठवते. सगळ्या मुलांना तुम्हाला बघायचंय."

पलीकडून मग आवाज आला, अगदी मजेत, प्रत्येक अक्षर चाखत चाखत. "न्हाई, बाई."

"गुरुजी!"

"न्हाई यायचं मला. सुगी चाललीय. न्हाई, न्हाई, न्हाई!" मागून काकू ओरडल्या, "आवं, बास की! हल्ली मलासुदिक न्हाई म्हनायला लागलेत हे!" गुरुजी खळखळून हसले. हसू थांबल्यावर म्हणाले, "बाई, राग न्हाई ना आला?"

"नाही," मी म्हटलं.

"पन तुमी इचारलं," ते म्हणाले, "लई बरं वाटलं बगा."